चौथा खांदा

"एवढा मोठा कशाला केला गो त्यांना?" आय माझ्या कानाशी लागून म्हणाली.

'त्यांना' म्हणजे बाबांना. आम्ही दोघी रत्नागिरीतल्या एका सभागृहात व्यासपीठावर बसलो होतो, आणि आमच्या मागे भिंतभर फलक लावला होता. त्यावर आमच्या घरचा फोटो होता. पुढे आय आणि माझी मोठी बहीण वनिता, दोघींच्या खांद्यावर तिरडी. मागे माझा अर्धा चेहरा. मधे पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेले बाबा. फलकावर ते होते त्याहून लांब दिसत होते. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जागतिक महिला दिन – परंपरेला खांदा देणाऱ्या नव्हे, परंपरा बदलणाऱ्या स्त्रिया!'

"तू मागं बघू नको," मी म्हटलं.

"मी नाय बघत. पण पाठीला कळतंय ना."

तेव्हा मी बारावीत होते. आता चिपळुणात नर्स आहे, माझीच मुलगी बारावीला आली. पण त्या खुर्च्यांची लाल वेल्वेटची खोळ आणि आयचा गार पडलेला हात मला अजून आठवतो.

आम्ही शिरवलकोंडच्या. शिरवलकोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतली चाळीसेक घरं, खाली नदी, नदीवर साकव. बाबा, म्हणजे जानू भुवड, आदल्या वैशाखात गेले. त्या दिवशी मोडका साकव बघायला एक वार्ताहर मोटारसायकलवरून आला होता. नदीकाठाने तिरडी घेऊन चाललेल्या बायका त्याला दिसल्या आणि त्याने समोरून फोटो काढला. वनिताला त्याने एवढंच विचारलं, "मुलगा नाही का?" ती म्हणाली, "नाही." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'लेकींनी मोडली चौकट'.

मग पत्रं सुरू झाली. कुणी लिहिलं, असा आदर्श गावोगाव हवा. कुणी लिहिलं, अशाने बापाला गती मिळत नाही. एकाने लिहिलं की या मुलींचा डोळा जमिनीवर असणार. एका बाईंनी आमच्यावर कविता केली. पावसाळा संपला तरी लोक भांडत होते. आमच्या घरी पेपर येत नसे. वनिता अंगणवाडीच्या मिटिंगला तालुक्याला गेली की वाचून यायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

सत्काराचं बोलावणं घेऊन प्राध्यापक निर्मला कानडे स्वतः आमच्या घरी आल्या होत्या. वनिता त्यांना तोंडावर म्हणाली, "बाबांना जाळून आलो त्याची शाल मला नको." आणि ती आत गेली. पण आयने चहा टाकला. कानडेबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या, बशीत ओतून चहा प्यायल्या, वर म्हणाल्या, "अजून अर्धा कप मिळेल का?" आय त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "आपण जाऊ गो. त्या बाईनं आपल्या घरचा चहा घेतला." एवढ्यासाठी आम्ही रत्नागिरीला आलो होतो. वर्षभरात बाहेरचं माणूस आमच्या घरी चहा प्यायलं नव्हतं.

कानडेबाई छान बोलल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, आणि त्या मनापासून बोलत होत्या, यात मला आजही शंका नाही. त्यांचं संपलं तेव्हा तिसऱ्या रांगेतून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले.

"प्रश्न विचारला तर चालेल का?"

"अवश्य विचारा," कानडेबाई म्हणाल्या.

"मी स्त्रियांचा मान राखणारा माणूस आहे. माझ्या दोन्ही मुली पदवीधर आहेत. पण प्रत्येक गोष्टीत बरोबरी कशाला? बाईचं मन हळवं. तिने जळतं प्रेत बघू नये, म्हणून जुन्या लोकांनी तिला स्मशानापासून लांब ठेवलं. त्यात अपमान कुठे आहे? काळजी आहे. या माउलीच्या डोक्यात कुणीतरी हे भरवून दिलं, आणि आता तुम्ही टाळ्या वाजवताय."

सभागृहात एकदम गलका झाला. "खाली बसा!" "बोलू द्या त्यांना!" पुढच्या रांगेतल्या दोन मुली उभ्या राहून ओरडायला लागल्या. मागच्या बाजूच्या काही पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या लक्षात आलं, काही बायकांनीही.

कानडेबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "काका, बाईचं मन हळवं असतं हे कुणी ठरवलं? बाईने ठरवलं का? यांच्या डोक्यात कुणी काही भरवलेलं नाही. एका खेड्यातली शेतकरी स्त्री, तिच्या मुली, यांनी स्वतः निर्णय घेतला."

"गावात काय पुरुष नव्हते?"

"होते ना! गाव भरलेलं होतं. आणि तरीही या स्त्रियांनी त्यांना सांगितलं, बाजूला व्हा. आमचा माणूस आम्ही नेऊ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच आय उठली. मला वाटलं तिला बाहेर जायचंय, म्हणून मी पिशवी उचलली. पण ती माईककडे चालत गेली. तिला माईकचं तोंड कुठे असतं ते माहीत नव्हतं. ती बाजूला उभी राहून बोलायला लागली, आणि कानडेबाईंनी माईक वळवून तिच्यासमोर धरला.

"आमी कोनाला बाजूला हो बोललो नाय," आय म्हणाली. "कोन आलाच नाय."

टाळ्या विरत गेल्या.

"आमचं घर वाळीत टाकलेलं. गाव बोलत नव्हता आमच्याशी."

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "तू सांग गो. मला नीट सांगता येत नाय."

मी उठून तिच्याजवळ गेले. काय सांगितलं ते सगळं शब्दाला शब्द आठवत नाही. पण गोष्ट अशी होती.

शिमग्याला आमच्याकडे वाघजाईची पालखी घरोघर येते. ज्याच्या अंगणात येते त्या घरचा पुरुष खांदा देऊन ती नाचवतो. बाबा फणसावरून पडले तेव्हापासून त्यांचा पाय अधू होता, आणि आम्हाला भाऊ नव्हता. आमच्या घरचा खांदा दरवर्षी चुलतभाऊ द्यायचा. त्या वर्षी पालखी अंगणात आली, ढोल वाजत होते, आणि बाबा ओट्यावरून म्हणाले, "वनिता, तू घे खांदा. घर तुझं हाय."

वनिता पदर खोचून पुढे झाली. ती फार वेळ नाचली नाही, पण छान नाचली. शेजारच्या बायका कुडाशी उभ्या राहून हसत होत्या, एकीने तर शिट्टी वाजवली. ढोलवाल्या पोरांनाही काही वाटलं नाही. म्हातारी माणसं मात्र गप्प झाली. पालखी पुढच्या अंगणात न जाता सरळ देवळात परत नेली.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. आमच्या गावाचे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, दत्ताराम भुवड, बाबांचे लांबचे भाऊ. त्यांनी बाबांना सांगितलं की नारळ ठेव, चुकी झाली म्हण, आणि विषय संपला. बाबा भांडखोर नव्हते. गावकीत त्यांनी कधी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, "दत्तारामा, वाघजाई बाईमाणूस. बाईमाणसाला बाईचा खांदा लागला तर बाटतं काय? मला नाय समजत. समजलं की नारळ ठेवतो."

त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. गावाने बोलणं टाकलं. गिरणीवाला दळण घेईना. नांगराला कुणी बैल देईना. विहिरीवर आम्ही गेलो की बाकीच्या बायका घागरी उचलून चालू लागायच्या. वनिताच्या अंगणवाडीत एक पोर येईना, ती रोज जाऊन रिकाम्या खोलीत बसून यायची. बाबा तिला कधी म्हणाले नाहीत की तुझ्यामुळे झालं. ती कधी म्हणाली नाही की तुम्हीच सांगितलंत. आणि एके दिवशी सकाळी न्याहारी करता करता बाबांनी छातीवर हात ठेवला, आणि भिंतीला टेकले ते टेकलेच.

आयने मला गावात पाठवलं. "जा, सांगून ये. मरणाला येतात माणसं."

मी घराघरांपुढे उभी राहून सांगत गेले. कुठे दार लोटून घेतलं, कुठे कुणी ओ दिली नाही. चुलतभावाच्या घरी त्याची बायको नुसती रडली. मुंबईतल्या काकांना वनिताने फोन लावला. त्यांचं घर शिरवलकोंडमध्येच होतं, त्यांनाही पुढे गावातच यायचं होतं. ते आले नाहीत. शेवटी मी गावकरांच्या अंगणात गेले. ते बसून बेळं काढत होते, बांबूच्या बारीक पट्ट्या.

"काका, बाबा गेले."

त्यांचा कोयता थांबला. मग परत चालू झाला.

"वाळीतल्या घरी गावानं यायचं नसतं. ठाव हाय ना तुला?"

"उचलायला चार माणसं तरी द्या."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या बापसानं पोरीला खांदा दिला ना? पोरीच देतील आता खांदा. जा."

सभागृहात मी हे सांगितलं तेव्हा टोपीवाले गृहस्थ अजून उभेच होते. त्यांनी हळूच खुर्चीचा हात धरला.

आय माझ्या खांद्यावरून माईकशी वाकली. "त्यांनी पोरींना हिणवलं, आन तुमी त्याचा सत्कार करताय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. समजावून सांगितल्यासारखी बोलत होती. "आमाला तिरडी बांधता पन येत नव्हती. शिडीवानी बांधली. मधेच सुटली. माझा घो वाटेत खाली पडला, बाय. दगडावर पडला. आमी परत बांधली. मला त्यात मोठेपना काय दिसत नाय. माझ्या घोवाला गावानं न्यायला पायजे व्हता."

कानडेबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आयचा हात धरला. मग श्रोत्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "बघा! म्हणजे हे धाडस आणखीनच मोठं आहे. एका बहिष्कृत घरातल्या तीन स्त्रिया, तिघीच जणी..."

"तिघींना उचलते काय तिरडी?" आय सहज बोलून गेली. "चौथी व्हती ना."

ती तिथेच थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला. मी तिच्याकडे बघितलं. आमच्या घरात ही गोष्ट भिंतींनासुद्धा ऐकू जाऊ नये अशी सांभाळली होती.

"चौथी कोण?" कानडेबाईंनी विचारलं.

"कोन नाय."

"नाव सांगा ना. त्यांचाही सत्कार व्हायला हवा."

"मी नाव नाय सांगनार. माझी जीभ झडो. चला गो, मला घरी जायचंय."

आम्ही निघालो. शाल खुर्चीवरच राहिली. दाराशी टोपीवाले गृहस्थ आडवे आले. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, मी नसतो असा वागलो. मी आलो असतो." मग म्हणाले, "पण बघा, म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं ठरलं. बायकांवर ही वेळच यायला नको होती." पाठीमागून कुणीतरी त्यांना तावातावाने उत्तर दिलं, आणि आम्ही जिना उतरेपर्यंत वर वाद पुन्हा पेटला होता.

चौथी म्हणजे तानीकाकी. दत्ताराम गावकरांची बायको.

गावकर मला 'जा' म्हणाले तेव्हा ती दारात भांडी घासत होती. मी रडत अंगणाबाहेर पडले, आणि पाठीमागून पावलं वाजली. तिच्या हातांना राख तशीच होती. तिने पदर कपाळावर ओढला आणि माझ्या पुढे चालायला लागली. "तानी!" गावकर ओरडले. एकदाच. तिने मागे बघितलं नाही. आमच्या घरी येऊन तिने बाबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "उचला गो. ऊन चढतंय."

तिरडीच्या मागच्या बाजूला माझ्याशेजारी तिचा खांदा होता. वार्ताहराच्या फोटोत ती तिरडीआड झाकली गेली, नुसता पदराचा काठ दिसत होता. अग्नी दिल्यावर ती नदीत अंघोळ करून ओल्या लुगड्याने घरी गेली. आम्हाला वाटलं, आता तिचं काही खरं नाही. पण झालं काहीच नाही. गावकरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, पण घराबाहेर काढलं नाही. कारण वाळीतल्या घरी जो जाईल तोही वाळीत, हा नियम त्यांनीच केलेला. तानीकाकी गेली होती हे कबूल केलं तर त्यांना स्वतःचंच घर वाळीत टाकावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ठरवलं की ती गेलीच नव्हती. सगळ्या गावाने दारांच्या फटींतून तिला जाताना बघितलं होतं, पण गावही म्हणालं, आम्ही काही बघितलं नाही. त्या न बघण्यावर ती घरात राहिली. तिच्या सुनेला दिवाळीत मुलगा झाला. काकी त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची, आणि आय लांबून जाताना एकदा खोकायची. तेवढंच त्या दोघींचं बोलणं.

सत्कारानंतर आठवडाभरात तोच वार्ताहर परत आला. कुणी सांगितलं, कशासाठी सांगितलं, कळलं नाही. पेपरात काकीचं नाव छापून आलं, गावकरांचं नावही. लेख चांगला होता. काकीला त्याने रणरागिणी म्हटलं होतं. मग कानडेबाईंच्या संघटनेची जीप आली. मग पुन्हा पत्रं. कानडेबाई स्वतः गावकरांच्या अंगणात उभ्या राहून बोलल्या. गावकर त्यांच्यापुढे मान खाली घालून 'हो, हो' म्हणाले.

आता काकी आमच्या घरी गेली नव्हती असं म्हणता येईना. गावकी बसली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तिच्याच मोठ्या मुलाने काकीला नदीपलीकडे नेलं आणि तिच्या भावाकडे सोडून आला.

आमच्या गावात आता शिमग्याला बायका पालखी नाचवतात. मुलींचा एक गटच आहे, सगळ्यांचे फेटे एका रंगाचे. त्यांचे व्हिडिओ फिरतात, त्याखाली लोक अजूनही तेच भांडतात. गेल्या वर्षी माझ्या मुलीने मला एक दाखवला आणि विचारलं, "आई, हे तुझ्या गावचं ना? किती भारी!" मी म्हटलं, हो, भारी आहे. वनिता लग्न होऊन पनवेलला गेली ती शिमग्याला कधी परत आली नाही.

काकीला भेटायला आय आणि मी सत्काराच्या वर्षीच, पावसाळ्यानंतर गेलो. तिचा भाऊ बरा माणूस होता, पण घर लहान. काकी मागच्या पडवीत राहायची. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला तिची वळकटी. ती खूप वाळली होती. आय तिच्यासमोर बसली. मग तिने काकीच्या पायांवर डोकं टेकलं.

"माझ्या तोंडून गेलं गो तानी. मी नाव घेतलं नव्हतं. देवाशपथ, नाव नव्हतं घेतलं."

"उठ," काकी म्हणाली. "तुझा काय दोष. मी काय चोरी केलीवती काय, लपवायला?"

"मग तू तरी कशाला आलीस तवा?"

काकीने जरा विचार केला. "ठाव नाय. पोर रडत चाललेली. चार पायजेत, हे माझ्या डोक्यात आलं. तुमी तिघीच."

तिने आम्हाला काळा चहा दिला. दूध पुढे भावाच्या घरच्यांसाठी होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, भात कसा आला, वनिताला स्थळ बघताय का. आम्ही निघायला उठलो तशी ती आयचा हात धरून हळूच म्हणाली, "बाळ्या चालायला लागला असंल ना आता?"

बाळ्या म्हणजे तिचा नातू. आम्ही अजून वाळीतच होतो. गावकरांच्या अंगणाकडे वळायचीसुद्धा आम्हाला सोय नव्हती. ते पोर आम्ही कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"चालतो की," आय म्हणाली. "धावतोच म्हण. अंगणभर."

"पडत नाय ना?"

"पडतो. परत उठतो. रडत नाय."

काकीचा चेहरा उजळला. "कोनावर गेलाय?"

"तुझ्यावर," आय म्हणाली. "नाक तर हुबेहूब तुझं."

काकीने स्वतःच्या नाकाला हात लावला आणि हसली. आम्ही नदीकडे निघालो. ती पडवीच्या दाराशी उभी राहून विचारत होती, "आन बोलतो काय गो? काय बोलतो?" आय मागे वळली आणि मोठ्याने, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजी बोलतो! आजी, आजी करतो दिवसभर!"

मग ती वळली आणि साकवापर्यंत माझ्या पुढेच चालत राहिली, मला तिचं तोंड दिसू नये म्हणून.